मराठी माध्यमाच्या वर्गात इंग्रजीसाठी ऑनलाइन नेमकं काय वापरायचं?

सरांचा प्रश्न थोडक्यात असा आहे: जिल्हा परिषदेची शाळा, सहावी-सातवीला इंग्रजी, वर्गात लोकवर्गणीतून घेतलेला टीव्ही आहे, फोन एकच म्हणजे सरांचा स्वतःचा, रेंज खिडकीपाशी उभं राहिलं तर येते, आणि वेगवेगळ्या ग्रुपवरून आलेल्या ढीगभर लिंका सेव्ह करून ठेवल्यात, तर यातलं काय वापरू आणि सुरुवात कुठून करू.

सर, सगळ्यात आधी त्या लिंका बाजूला ठेवा. डिलीट नका करू, पण उघडूही नका. मी बरीच वर्षं इंग्रजी शिकवतेय, प्रशिक्षणात सुलभक म्हणूनही जाते, आणि प्रत्येक प्रशिक्षणानंतर चहाच्या वेळी हाच प्रश्न येतो, "मॅडम, चांगली वेबसाइट सांगा ना". चांगल्या वेबसाइट शंभर आहेत हो, पण त्यातल्या बहुतेक आपल्या मुलांसाठी बनवलेल्याच नाहीत. त्या बनवल्यात लंडनला किंवा टोरांटोला येऊन राहिलेल्या मुलांसाठी, ज्यांना शाळेतून बाहेर पडलं की बसमध्ये, दुकानात, मैदानावर इंग्रजीच ऐकू येतं. त्यांना शाळेत फक्त ते ऐकलेलं जरा नीटनेटकं करून द्यावं लागतं. आपल्या पोराला इंग्रजी ऐकू येतं ते तुमच्या पस्तीस मिनिटांच्या तासात, तेही तुम्ही बोललात तर. घंटा झाली की संपलं. म्हणून तिकडच्या साइटवरची व्याकरणाची रिकाम्या जागांची वर्कशीट इथे आणून काही होत नाही, कारण ज्या भाषेचा कानाला पत्ताच नाही तिच्या रिकाम्या जागा पोरं काय डोंबल भरणार.

महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं. म्हणजे तुमच्या सहावीतल्या मुलाने पाच वर्षं इंग्रजी "शिकलेलं" आहे. तरी असर २०२२ च्या पाहणीत (प्रथम संस्था गावोगावी घरी जाऊन मुलांचं वाचन-गणित तपासते ती) देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या मुलांपैकी साधी इंग्रजी वाक्यं वाचू शकणारी २४.५ टक्के होती, आणि २०१६ ला हाच आकडा २४.७ होता. मधल्या सहा वर्षांत स्वस्त फोन आले, डेटा स्वस्त झाला, ॲपांचा पूर आला, आकडा जागचा हलला नाही. कोरोनात शाळा बंद होत्या हे खरंच आहे, पण ॲपच्या जाहिराती तर त्याच काळात सगळ्यात जोरात होत्या.

तर माझं म्हणणं एवढंच की ऑनलाइन साधन निवडताना एकच बघायचं, जे वर्गात आणि घरी मिळत नाही ते हे देतंय का? आणि मिळत नाहीत त्या गोष्टी दोन, इंग्रजी ऐकू येणं आणि वाचायला सोप्या गोष्टी भरपूर मिळणं. बाकी सगळं तुम्ही खडू-फळ्यावर करू शकता आणि करताच.

आता वाचनापासून सुरू करते. स्टोरीवीव्हर. प्रथम बुक्सचं हे मुलांच्या गोष्टींचं ऑनलाइन व्यासपीठ २०१५ ला सुरू झालं, सगळ्या गोष्टी क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली, म्हणजे उतरवा, प्रिंट काढा, झेरॉक्स करून वाटा, कोणी विचारणार नाही (फक्त लेखक-चित्रकाराचं नाव काढू नका). गोष्टींना चार पातळ्या आहेत, पहिली पातळी म्हणजे अगदी थोडे शब्द आणि तेच तेच शब्द परत येतात अशी. सहावी आहे म्हणून तिसरी-चौथी पातळी उघडू नका, इंग्रजीत तुमची सहावी पहिल्या पातळीवरच आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. बऱ्याच गोष्टी मराठीतही आहेत आणि इंग्रजीतही, चित्रं तीच. याचा उपयोग खूप जण चुकीचा करतात, डाव्या हाताला मराठी उजव्या हाताला इंग्रजी ठेवून ओळीला ओळ जुळवत बसतात, आणि मग पोरं फक्त मराठी वाचतात. त्यापेक्षा सोमवारी मराठी गोष्ट वाचून टाका, मजेत, हसत, काही न शिकवता. बुधवारी तीच इंग्रजीत टीव्हीवर लावा. गोष्ट माहीत असल्यामुळे पोराचं डोकं अर्थ शोधण्यात अडकत नाही, ते आवाजाकडे आणि शब्दांकडे जातं.

टीव्हीवर लावली की कसं घ्यायचं ते सांगते, कारण इथेच सगळा फरक पडतो. पहिल्या चित्रावर खालची ओळ वहीने झाकायची (हो, खरोखरची वही, टीव्हीवर धरायची) आणि विचारायचं, "व्हॉट कॅन यू सी?" पोरं मराठीत ओरडतील, शेळी, छप्पर, म्हातारी. तुम्ही फक्त म्हणायचं, येस, अ गोट, अ रूफ, ॲन ओल्ड वुमन. रागवायचं नाही मराठीत का बोललास म्हणून. मग ओळ उघडायची आणि वाचायची, "द गोट इज ऑन द रूफ". मग पुढचं चित्र. दोन-तीन पानांनंतर वाक्याचा साचा पोरांच्या लक्षात येतो, तेव्हा तुम्ही अर्धंच वाचायचं आणि थांबायचं, उरलेलं ती पुरं करतात. गोष्ट संपली की टीव्ही बंद. आणि मग दप्तर बाकावर, पट्टी दप्तरात, चप्पल बाकाखाली असं खरं सामान ठेवून तीच वाक्यं. इथे हमखास कोणीतरी म्हणणार "द बॅग बेंच ऑन", कारण आपण बाकावर म्हणतो, "वर" नंतर येतो. नियम सांगू नका, तुम्ही बरोबर वाक्य परत म्हणा आणि पुढच्या मुलाकडे वळा. आठवडाभर ऐकलं की ते आपोआप जागेवर बसतं. स्क्रीन किती वेळ? दहा मिनिटं फार झाली. उरलेली पंचवीस मिनिटं तोंडं चालली पाहिजेत.

स्टोरीवीव्हरवर काही गोष्टी वाचून दाखवणाऱ्याही आहेत, आवाज येतो तसा शब्दाचा रंग बदलतो. तुमचा स्वतःचा उच्चार कच्चा वाटत असेल तर तिथून सुरू करा, पण शेवटी मुलांना तुमचाच आवाज आवडतो हे लक्षात ठेवा. याच जातीचं अजून पाहिजे असेल तर दक्षिण आफ्रिकेतलं आफ्रिकन स्टोरीबुक आणि केपटाउनचं बुक डॅश, दोन्ही फुकट आणि खुल्या परवान्याची. त्यातली गावं, शेरडं, विहिरी, आज्या आपल्या मुलांना लगेच ओळखीच्या वाटतात, बर्फातल्या सशापेक्षा कितीतरी जास्त.

आता ऐकण्याचं. इथे एक सवय बोलते जी तुमच्याही वर्गात असणार, इंग्रजी धड्यावर पेन्सिलीने बारीक देवनागरी अक्षरं. वन्स अपॉन अ टाइमच्या डोक्यावर "वन्स अपॉन अ टाईम". सगळ्या मराठी शाळांत आहे ही सवय, इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी खोडरबर फिरवायला लावतात. पोरं आळशी म्हणून लिहीत नाहीत, घरी गेल्यावर तो शब्द कसा म्हणायचा हे सांगणारं कोणी नसतं म्हणून लिहितात. आईला येत नाही, बाबांना येत नाही, मोठ्या बहिणीनेही असंच लिहिलं होतं. मग ते खोडून काय उपयोग, त्याच्या बदल्यात काहीतरी द्यायला पाहिजे.

तर सगळ्यात उपयोगी ऑनलाइन साधन तुमच्या खिशातच आहे, व्हॉट्सॲपचा व्हॉइस मेसेज. धड्यातला आठ-दहा ओळींचा तुकडा रोज तुमच्या आवाजात, सावकाश, एकदा सलग आणि एकदा वाक्य-वाक्य थांबत, पालकांच्या ग्रुपवर टाका. फोन संध्याकाळी बाबा कामावरून आले की पोराच्या हातात येतो, दोन मिनिटं ऐकतं, पुस्तकावर बोट ठेवून. ज्यांच्या घरी स्मार्टफोन नाही त्यांना शेजारच्या मुलाबरोबर जोडून द्या, वस्तीवर हे सहज जमतं. डेटा जवळजवळ लागतच नाही. आणि उलटा गृहपाठही त्याच वाटेने, पोरांनी तीन वाक्यं बोलून पाठवायची. यात एक काळजी, मुलांचे आवाज सगळ्या ग्रुपवर नको, तुमच्या एकट्याच्या नंबरवर मागवा, नाहीतर एखाद्याच्या चुकीवर गावभर हसतात आणि ते पोर वर्षभर तोंड उघडत नाही. पेन्सिलीची देवनागरी महिन्या-दोन महिन्यांत आपोआप कमी व्हायला लागते, सांगावं लागत नाही.

तुमच्या आवाजाशिवाय दुसरे आवाजही हवेत. व्हॉइस ऑफ अमेरिकाचं लर्निंग इंग्लिश हे यासाठी सोनं आहे. १९५९ मध्ये "स्पेशल इंग्लिश" म्हणून रेडिओवर सुरू झालं, ठरावीक दीड हजारेक शब्द, छोटी वाक्यं आणि नेहमीच्या बातमीपेक्षा बराच कमी वेग. २०२५ च्या मार्चमध्ये अमेरिकन सरकारने व्हॉइस ऑफ अमेरिकाचं काम थांबवलं आणि नवीन येणं आटलं, पण जुना साठा केवढा तरी मोठा आहे आणि त्यांनी स्वतः तयार केलेलं साहित्य पब्लिक डोमेनमध्ये, म्हणजे कोणालाही वापरायला खुलं आहे, त्यामुळे मिळेल तेवढं उतरवून पेनड्राइव्हवर ठेवून द्या. त्यातली लेट्स लर्न इंग्लिश ही ५२ धड्यांची पहिली पातळी सातवी-आठवीला चालते, ॲना नावाची मुलगी वॉशिंग्टनला नवीन राहायला येते आणि तिचे रोजचे गोंधळ, एवढंच आहे पण मुलं पुढचा भाग मागतात.

बीबीसी लर्निंग इंग्लिशचं सिक्स मिनिट इंग्लिश लोक सगळीकडे फॉरवर्ड करतात. सुंदर आहे, पण ते तुमच्या-माझ्यासाठी, सहावीसाठी नाही. शाळेत जाता-येता गाडीवर नाही, एसटीत बसून ऐका. लहानांसाठी ब्रिटिश कौन्सिलचं लर्नइंग्लिश किड्स बघा, गाणी आणि छोटे व्हिडिओ बरे आहेत, त्याखालचे खेळ मात्र एका फोनवर चाळीस मुलांना काय खेळवणार.

यूट्यूबचं तर विचारूच नका. तिथे सगळं आहे आणि म्हणूनच वेळ जातो. दोन गोष्टी सांभाळा. एक, वेग ०.७५ वर ठेवता येतो, सेटिंगमध्ये आहे, आणि इंग्रजी सबटायटल पहिल्यांदा बंद, दुसऱ्यांदा चालू. दुसरं, वर्गात लाइव्ह लावू नका. मध्येच नको ती जाहिरात येते आणि मग तास गेला. घरून नेटवर बघून ठेवा, जे उतरवायला परवानगी आहे तेच उतरवा, टीव्हीला यूएसबी किंवा एचडीएमआयने लावा.

उच्चारांचं थोडं. मराठी मुलांचे अडथळे ठरलेले आहेत त्यामुळे जगभरचा उच्चारांचा कोर्स करायची गरज नाही. आपल्याला स्कूल, स्टेशन म्हणायला त्रास नाही, सुरुवातीला "इ" लागत नाही. पण शिप आणि शीप आपल्या कानाला सारखंच, कारण मराठीत ऱ्हस्व-दीर्घ शुद्धलेखनात मार्क कापण्यापुरतं उरलंय, बोलण्यात त्याने अर्थ फारसा बदलत नाही. वेस्ट आणि व्हेस्ट सारखंच. आणि शब्दातला जोर, फोटोग्राफमध्ये पहिल्या भागावर आणि फोटोग्राफरमध्ये दुसऱ्यावर, हे आपण सगळं एका सुरात म्हणतो. यासाठी यूग्लिश नावाची साइट आहे, शब्द टाका, यूट्यूबवरच्या खऱ्या लोकांच्या तोंडून तो शब्द एकामागून एक ऐकू येतो. पाच माणसांकडून शीप ऐकवा, पाच माणसांकडून शिप, आणि मुलांना नुसतं विचारा, पहिलं की दुसरं, बोट वर करा. आधी कान, मग जीभ. शब्दकोश म्हणाल तर लाँगमनचा ऑनलाइन वापरा, व्याख्या साधारण दोन हजार सोप्या शब्दांतच लिहिलेल्या असतात आणि स्पीकरवर टिचकी मारली की उच्चार येतो. गूगल ट्रान्सलेट एका शब्दासाठी ठीक, अख्खं वाक्य टाकलं की पोरं विचार करायचं सोडतात.

मुलांना किती आलंय ते तपासायला कहूट (प्रश्नमंजुषेचं ॲप) वगैरे सगळे सांगतात, तिथे प्रत्येकाकडे किंवा निदान गटाकडे यंत्र लागतं. तुमच्याकडे एकच फोन आहे तर प्लिकर्स. काळ्या-पांढऱ्या चौकोनी नक्षीची चाळीस कार्डं फुकट प्रिंट करायची, प्रत्येक मुलाला त्याच्या नंबरचं एक. कार्डाच्या चार बाजूंना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. प्रश्न टीव्हीवर दाखवा नाहीतर तोंडी वाचा, मुलं आपलं उत्तर वरच्या बाजूला येईल असं कार्ड धरतात, तुम्ही फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवता आणि कोणाचं बरोबर कोणाचं चूक लगेच फोनवर. शेजाऱ्याला कळत नाही काय धरलंय, कारण प्रत्येकाची नक्षी वेगळी. गप्प बसणाऱ्या मुलींची खरी उत्तरं मला पहिल्यांदा दिसतात ती अशा वेळी, हात वर करायला लावलं की मागचे चार जण पुढच्या हुशाराकडे बघूनच हात वर करतात. कार्डं जाड कागदावर काढा, चकचकीत लॅमिनेशन केलं तर उजेड परावर्तित होऊन कॅमेरा वाचत नाही.

दीक्षा आणि पुस्तकातले क्यूआर कोड. दीक्षा हे केंद्र सरकारचं शिक्षणाचं ॲप २०१७ च्या शिक्षकदिनी आलं. पुस्तकात क्यूआर कोड आणण्यावरून परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले सरांचं नाव सगळ्यांना माहीत आहे, २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ. कल्पना उत्तमच. पण कोडमागचं साहित्य सारख्या दर्जाचं नाही, काही व्हिडिओत धडा मराठीत भाषांतर करून सांगितलाय म्हणजे इंग्रजीच्या तासाला इंग्रजी कमीच. आधी घरी बघा, त्यातलं चांगलं तेवढंच घ्या. पाठ्यपुस्तकाची पीडीएफ मात्र ई-बालभारतीवरून जरूर उतरवून ठेवा, टीव्हीवर पान मोठं करून चित्रावर बोलता येतं, तेच मला जास्त उपयोगी पडतं.

वर्कशीटच्या साइटबद्दल मी मुद्दाम काही सांगत नाही. गरज पडली तर फळ्यावर पाच वाक्यं लिहा, काम भागतं.

आता चॅटजीपीटी, जेमिनी वगैरे. मुलांच्या हातात नको, तुमच्या हातात जरूर. "गोष्ट लिही" म्हणाल तर एमा नावाची मुलगी पार्कात कुत्रा घेऊन जाते असलं काहीतरी येतं. त्यापेक्षा नेमकं सांगा: पुस्तकातले हे तीस शब्द, फक्त साधा वर्तमानकाळ, ऐंशी शब्दांचा उतारा, आठवडी बाजार, सुनीता आणि तिची आजी कोथिंबीर विकतात, एका वाक्यात सात शब्दांपेक्षा जास्त नको. मराठीत सांगितलं तरी चालतं. आलेला उतारा तसाच वापरू नका, दोन-तीन अवघड शब्द मध्येच घुसवलेले असतात, ते काढा, आणि प्रश्नांची उत्तरं स्वतः सोडवून बघा. मुलांची नावं, मार्क, फोटो त्यात कधीच टाकू नका.

तुम्ही प्रश्नात शेवटी हळूच लिहिलंय की माझंच इंग्रजी फार चांगलं नाही. सर, हे प्रत्येक बैठकीत अर्धे लोक मनात म्हणत असतात. राज्य शासन, टाटा ट्रस्ट्स आणि ब्रिटिश कौन्सिलचा इंग्रजी शिक्षकांसाठीचा तेजस प्रकल्प झाला तेव्हा शिक्षकांचे टॅग (टीचर ॲक्टिव्हिटी ग्रुप) गट होते, महिन्यातून एकदा जवळपासच्या शाळांचे शिक्षक बसायचे आणि मधल्या दिवसांत व्हॉट्सॲपवर बोलायचे, तेही इंग्रजीत. प्रकल्प संपला तरी तुमच्या केंद्रातले तीन-चार जण मिळून हे आजही करता येतं, परिपत्रकाची वाट कशाला बघायची. लिहिण्यासाठी केंब्रिजचं राइट अँड इम्प्रूव्ह फुकट आहे, परिच्छेद टाकला की चुका कुठे ते रंगवून दाखवतं आणि पातळी सांगतं, कोणाला कळत नाही तुम्ही किती वेळा चुकलात. बोलण्यासाठी मात्र ॲपपेक्षा त्या तीन-चार जणांचा ग्रुपच बरा.

आणि ज्या पाच-सहा मुलांना अजून अक्षरच फुटलेलं नाही, त्यांना गोष्टीच्या वेळी सगळ्यांबरोबर बसवा, पण रोज दहा मिनिटं वेगळी द्या. ए फॉर ॲपल पुन्हा नको, ते पाठ आहे आणि उपयोग शून्य. जॉली फोनिक्स या आवाजावरून वाचायला शिकवण्याच्या पद्धतीत सुरुवात एस, ए, टी, आय, पी, एन या सहा अक्षरांच्या आवाजाने होते, आणि या सहातूनच सॅट, पिन, टॅप, टिन, पॅन, नॅप, स्निप असे कितीतरी शब्द जुळतात. मराठी वाचता येणाऱ्या मुलाला अक्षर म्हणजे आवाज हे आधीच माहीत असतं, त्यामुळे हे फार पटकन जमतं. आवाजांसाठी बीबीसीच्या अल्फाब्लॉक्स या कार्टूनचे छोटे भाग दाखवा, एका वेळी एकच. पुठ्ठ्याची सहा कार्डं करा, अर्धा तास लागेल, आणि त्या मुलांनाच वर्गातल्या बाकीच्यांकडून शब्द जुळवून घ्यायला सांगा. पहिले पंधरा दिवस एवढंच, सातवं अक्षर घाईने आणू नका.